चौकात मिटलेली छत्री

आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर भर उन्हात छत्री उघडून यायचे आणि गावच्या चौकाशी आले की ती मिटायचे. चौक संपून पलीकडचा बोळ लागला की पुन्हा उघडायचे. चौकात सावली म्हणाल तर मधोमध एक लिंब, आणि त्याची सावली त्याच्या बुंध्यालाही धड पुरत नसे. बाकी सगळं रणरणतं. पण सर मधून कधी गेले नाहीत. मिटलेली छत्री काखेत धरून चौकाच्या कडेकडेने, कोपऱ्यावर काटकोनात वळत जायचे.

मी गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "सर, छत्री मिटलीत का?"

"कमानींखालून चालताना छत्री कशाला? येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यात काड्या जातात."

मी वर पाहिलं. वर आभाळ होतं आणि एक घार होती. माणूस बरा दिसतोय, पण जपून राहावं, असं मी मनाशी ठरवलं. पुढे दीडेक वर्ष मी रोज त्यांच्याबरोबर त्या चौकातून गेलो, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या महिन्यानंतर मीही कडेकडेनेच जायला लागलो.

गाव नेवासे तालुक्यातलं, घोडेगावच्या अलीकडचं. साल एकाहत्तर. सर आम्हा सगळ्यांना विषयावरून हाका मारत. मी 'गणित'. हेडमास्तर इंग्रजी शिकवत, त्यांना तोंडावर 'सर' आणि माघारी 'इंग्रजी'. "इंग्रजी आज तापलंय" असं ते दारातून सांगून गेले की आम्ही तुंबलेल्या वह्या तपासायला घ्यायचो. गावातले लोक मात्र सरांना 'चौकवाले मास्तर' म्हणत, कारण त्यांच्याशी कुठलंही बोलणं काढलं तरी ते शेवटी त्या चौकावरच जायचं. आमच्या नव्हे, सालामांकाच्या.

त्याचं असं झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी मिशनचे एक परदेशी फादर मोटारसायकल पंक्चर झाली म्हणून गावात अडकले. सर तेव्हा नुकते नोकरीला लागलेले. पंक्चर निघेपर्यंत दोघे हॉटेलात बसले आणि तेवढ्या वेळात फादरांनी मोडक्यातोडक्या मराठीत आपण शिकलो त्या गावाचं वर्णन केलं. स्पेन देशातलं सालामांका, जुन्या विद्यापीठाचं गाव. जाताना खिशातली एक सचित्र पुस्तिका देऊन गेले. पुस्तिका स्पॅनिशमध्ये होती. सरांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, आणि कळत नसल्यामुळे त्यांना तिच्यात कधी चूकही सापडली नाही. दोन कप चहाच्या अवधीत फादर जे बोलले ते त्यांना तोंडपाठ होतं. बाकीचं त्यांनी चित्रांवरून ताडलं.

"चारी बाजूंनी एकसारखे मजले," ते सांगायचे, "आणि खाली कमानीच कमानी. पावसात अख्खा चौक फिरा, डोक्यावर थेंब नाही. एका अंगाला नगरपालिका, तिच्या माथ्यावर घड्याळ आणि घंटा. कमानींच्या मधे दगडी गोलांत राजांची तोंडं. काही गोल मुद्दाम कोरे ठेवलेत, पुढे कोणी मोठा निघाला तर असावेत म्हणून. दगड असा की दिवस कलला की सोन्यासारखा पिवळा होतो. आणि एवढं सगळं करून चौक चौकोनी नाही हो. चारी बाजू वेगळ्या मापाच्या. आपल्यासारख्याच."

हे शेवटचं सिद्ध करायला त्यांनी एका रविवारी मला विहिरीचा दोर धरायला लावून आमचा चौक मोजला. चारी बाजू खरोखर वेगळ्या निघाल्या. मी म्हटलं, सर, कुठलाही चौक मोजला तर असंच निघेल. त्यांनी ते ऐकलं नाही. भर चौकात मला मिठी मारली आणि "गणितानंही मान्य केलं" असं हॉटेलवाल्याला ओरडून सांगितलं.

"घड्याळाखाली भेटू," असं ते म्हणाले की पंचायतीच्या ओट्यापाशी जाऊन उभं राहायचं. तिथे घड्याळ नव्हतं. पंचायतीत कोणाच्या मनगटालाही नव्हतं. एकदा मी पोचलो तर सर वर भिंतीकडे बघून म्हणाले, "दहा मिनिटं उशीर केलात." मीही वर बघून सॉरी म्हणालो. मग दिवसभर स्वतःवर चिडत राहिलो.

बाजाराला जाणारा एक बैलांचा व्यापारी अधूनमधून शाळेच्या भिंतीशी टेकून विडी ओढायचा. त्याला सरांनी कौतुकाने सांगितलं की त्या चौकात पूर्वी बैल सोडायचे आणि सगळं गाव गच्च्यांत बसून बघायचं.

"बाजार भरायचा म्हना की," तो म्हणाला.

"बाजार नाही. एक माणूस लाल कापड घेऊन बैलाला खेळवतो. शेवटी मारतो."

"मारतो म्हंजी? ठार?"

"ठार."

व्यापाऱ्याने विडी विझवली. "आन् मंग नांगराला काय जुपत्यात?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला. त्यानंतर तो आमच्या भिंतीला कधी टेकला नाही. सरांना फार वाईट वाटलं. मला हसू आवरेना, म्हणून माझ्यावर दोन दिवस अबोला होता.

सर राहायचे भागीरथी आजीच्या घरातल्या एका खोलीत; घर बोळात, पण ओट्यावरून अख्खा चौक दिसायचा. आजी एकटी, सत्तरीची, एका डोळ्यात फूल पडलेलं. तोंड मात्र चारजणींचं. सरांच्या चौकावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. सर उन्हातून छत्री मिटून येताना दिसले की ती ओट्यावरून म्हणायची, "आवो मास्तर, वर ऊन हाय. सुर्व्याला कळंना व्हय तुमची कमान?" सर नमस्कार करून आत जायचे.

सालामांकात एक घर आहे, त्याच्या दगडी भिंतीवर शेकडो शिंपले कोरलेत. सरांनी सायकलवरून नेवाशाला जाऊन प्रवरेच्या वाळूतून पोतंभर शिंपले आणले आणि आजी पुण्याला भाचीकडे गेलेली असताना तिच्या घराच्या पुढच्या भिंतीत ओल्या मातीवर ओळीने बसवले. आजी परतली तेव्हा शेजारपाजारच्या सगळ्या शेळ्या भिंतीला ओळीने उभ्या राहून शिंपले चाटत होत्या. आजीने सरांना जे सुनावलं ते मला इथे लिहिता येत नाही. शिंपले मात्र तिने काढले नाहीत. "शेजारनीच्या शेळ्या हितं येत्यात, फुकटची लेंडी मिळती," असं कारण तिने मला दिलं.

आणि मुतारीचं तर तालुक्यात नाव झालं. शाळेची जुनी मुतारी पाडून नवी बांधायची ठरलं, तेव्हा सर सभेत उभे राहिले. सालामांकात जुनं चर्च न पाडता त्याला खेटून नवं बांधलं, आज दोन्ही शेजारी शेजारी उभी आहेत आणि जग बघायला येतं, असं अर्धा तास बोलले. हेडमास्तरांना जेवायला जायचं होतं. नवी मुतारी जुनीला खेटून झाली. जग आलं नाही, पण दोन्ही वापरात राहिल्या.

आता भिंतीचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिची आहे. शाळेची लांब भिंत चौकाच्या बाजूला होती. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की सर तिच्यावर तो चौक काढायचे. पिवडी, गेरू, चुना आणि काजळी, एवढेच रंग, त्यात थोडा डिंक. पुस्तिकेतल्या चित्रावर पेन्सिलीने चौकटी आखलेल्या, तशाच मोठ्या चौकटी भिंतीवर. एकेका कमानीला चार-चार शनिवार. वरची कौलं पुढे आलेली, म्हणून पाऊस भिंतीला लागत नसे. मी रुजू झालो तेव्हा ह्या कामाला अकरा वर्षं झाली होती. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की ती पिवडी अशी काही तापायची, की बोलायचं थांबून मीसुद्धा बघत राहायचो. हे मी तेव्हा त्यांना सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

भिंतीच्या उजव्या टोकाला विद्यापीठाचा दरवाजा होता. पानं, फुलं, पाखरं, मुखवटे, राक्षस, सगळं एकमेकांत गुंतलेलं, जत्रेतल्यासारखं दाटीवाटीचं कोरीव काम. त्यात कुठेतरी एक बेडूक लपलेला आहे, असं फादरांनी सांगितलं होतं. तिथले विद्यार्थी परीक्षेआधी तो शोधतात. ज्याला आपला आपण सापडला तो पास. ज्याला दुसऱ्याने दाखवला तो नापास. आमची अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, पोरं दर मार्चात भिंतीला नाक लावून उभी राहायची. बेडूक कोणालाच सापडला नाही. काही पोरं पास झाली, काही नापास. म्हणजे सिद्धांत ना खरा ठरला ना खोटा. पास झालेल्याच्या दाराशेजारी सर गेरूने एक नक्षीदार खूण काढून यायचे. तिथे पदवी मिळवणाऱ्याची अशीच लाल खूण भिंतीवर काढतात म्हणे.

बहात्तर साली संस्थेचं पत्र आलं. सरकारी परीक्षा न दिलेल्या चित्रकला शिक्षकांनी ती याच वर्षी पास व्हावी, नाहीतर नोकरी संपली असं समजावं. सरांनी परीक्षा दिलेलीच नव्हती. बारा वर्षं ते टेंपररी होते. हेडमास्तरांनी फॉर्म आणून त्यांच्या टेबलावर ठेवला. सरांनी त्याच्यावर रंगाची वाटी ठेवली. फॉर्म जायला दोन आठवडे उरले तरी तो कोराच होता, फक्त वाटीचा एक गोल त्यावर उमटला होता.

मी त्यांच्या खोलीवर गेलो आणि सरळ विचारलं. मला खरंच काळजी वाटत होती. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, घर नव्हतं. पारनेरकडे एक भाऊ होता, तो चिठ्ठीला उत्तरही देत नसे. हा माणूस इथून निघाला तर जाणार कुठे?

त्यांनी ट्रंकेतून पुस्तिका काढली, दरवाजाचं चित्र उघडलं आणि माझ्या हातात भिंग दिलं.

"बेडूक सापडल्याशिवाय परीक्षेला बसायचं नसतं, गणित."

"म्हणजे तुम्हाला सापडलेला नाही?"

"बारा वर्षं शोधतोय."

"अहो सर, ते तिथल्या विद्यार्थ्यांसाठी."

"मग मी कुठला विद्यार्थी आहे?"

मी दुसरीकडून शिरलो. "मग भिंतीवर बेडूक काढलात कसा?"

"काढला नाही. मी रेघेला रेघ उतरवली. चित्रात असेल, तर माझ्या हातून भिंतीवर आला असणार. मला न कळता."

मी गणिताचा माणूस. घरी जाऊन रात्रभर ह्यात खोट शोधली, सापडली नाही.

त्या वर्षी पावसाने दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. विहिरींचे तळ दिसत होते. गावातली चालती माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, आणि मागे म्हाताऱ्या आणि पोरं राहत. आमच्याकडे पावसाने ताण दिला की धोंडी काढतात. लिंबाच्या डहाळ्यात बेडूक बांधून घरोघर न्यायचा, आणि प्रत्येक घराने त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. पण दुष्काळच एवढा, की सगळं शिवार धुंडाळलं तरी बेडूक मिळेना. पोरं नदीपर्यंत जाऊन हात हलवत परत आली.

कोणाच्या डोक्यात आलं माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाच बायका तांबे घेऊन शाळेच्या भिंतीशी उभ्या होत्या. जिवंत बेडूक नाही, तर काढलेला तरी आहे.

बेडूक नेमका कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्यांनी दरवाजाभर पाणी ओतलं. पिवडी खाली ओघळली. तिसऱ्या दिवशी अख्खी आळी आली. चौथ्या दिवशी, बेडूक दरवाजातून उडी मारून पुढे गेला असेल, ह्या शंकेने त्यांनी कमानींवरही ओतलं. राजांची तोंडं गळायला लागली. पिण्याचं पाणी होतं ते, मैलावरून डोक्यावर आणलेलं. तेच त्या भिंतीला घालत होत्या, त्यामुळे कोणाच्या तोंडून 'थांबा' निघेना.

हेडमास्तर कळवळून सरांना म्हणाले, "बेडूक नाही म्हणून सांगा ना त्यांना."

"नाही असं कसं सांगू? मला दिसलेला नाही, एवढंच मला माहीत आहे."

बायकांनाही पाण्याचं वाईट वाटत होतंच. एकीने विचारलं, "मास्तर, कुटं हाय वो त्यो? येकाच जागी वतू. पानी वाया जातंय."

मी सरांच्या कानाशी लागलो. "कुठेही बोट दाखवा. बाकीची भिंत वाचेल. बारा वर्षांचं काम आहे तुमचं."

सरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "दाखवला तर ह्या सगळ्या नापास होतील हो," ते म्हणाले.

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की मी वर्गावर निघून गेलो. पण लक्ष खिडकीतून भिंतीकडेच होतं.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी भागीरथी आजी आली. आतापर्यंत ती ओट्यावर बसून सगळ्यांना नावं ठेवत होती. तिने आपला तांब्या दरवाजाच्या एका जागी ओतला, आणि ओघळ थांबेपर्यंत उभी राहिली. मग चांगला डोळा भिंतीला लावला.

"ह्यो काय बसलाय," ती म्हणाली.

बायका धावल्या. दोघीतिघी म्हणाल्या, "व्हय की." पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली. मीही वर्ग सोडून बाहेर आलो. आणि सर? सरांनी तिचा शब्द कानावर पडताच पाठ फिरवली होती. चौकाकडे तोंड करून, दोन्ही कानांवर हात दाबून ते उभे होते. छत्री पायाशी पडली होती.

"आजी, मला सांगू नका," ते ओरडले.

"बारा वर्सं माज्या घरात ऱ्हाताय आन् येवडंबी सांगू नगं?"

"नका सांगू."

आजी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ती गप्प बसली. तिने बायकांना हाताने मागे सारलं, पोरांना दोन धपाटे घातले. "चला गं समद्या. मास्तरला बगू द्या." जाताना तिने सरांची छत्री उचलून भिंतीला टेकवून ठेवली.

चौक रिकामा झाल्यावर सर वळले. दुपारभर ते तिथे उभे होते. मी नववीला समीकरणं शिकवत होतो आणि फळ्यावर चुका करत होतो. चार वाजता ते शिक्षकांच्या खोलीत आले. तोंड उन्हाने लाल झालेलं. दोन ग्लास पाणी प्यायले, रंगाची वाटी बाजूला केली आणि म्हणाले, "गणित, पेन द्या."

मी पेन दिलं. हेडमास्तरांना राहवेना. "मग? कुठे आहे बेडूक?"

"शोधा," सर म्हणाले आणि फॉर्मवर सही केली.

पावसाने त्या बेडकाची दखल घेतली नाही. सर नगरला जाऊन परीक्षा देऊन आले. स्मरणचित्राला 'आठवड्याचा बाजार' आला होता. त्यांनी आमचाच चौक काढला, लिंबासकट, शेळ्यांसकट, आणि चारी बाजूंनी कमानी. थर्ड क्लासमध्ये पास झाले. ज्या दिवशी निकाल आला त्या संध्याकाळी आजीने गेरू कालवून आपल्या दाराशेजारी, शिंपल्यांच्या खाली, स्वतःच्या हाताने ती लाल खूण काढली. खूण कमी आणि बेडूकच जास्त वाटत होता.

पास झाले म्हणून सर कायम झाले, आणि कायम झाले म्हणून त्यांची बदली झाली. टेंपररी माणसाची कोणी बदली करत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कोपरगावकडच्या शाळेत गेले. एसटीपर्यंत मी आणि आजी पोचवायला गेलो. ट्रंक मी घेतली होती. चौक आला, सरांनी छत्री मिटली, आणि आम्ही तिघे कडेकडेने, कोपऱ्यावर वळत गेलो. मला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी मुद्दाम मागे राहिलो. भिंत हेडमास्तरांनी पुढल्याच महिन्यात चुन्याने रंगवून घेतली.

जूनमध्ये नवे ड्रॉइंग मास्तर आले. तरुण, पुण्याचे, सरकारी परीक्षा फर्स्ट क्लासमध्ये पास. मी त्यांना आणायला स्टँडवर गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. त्यांच्याकडे नवी कोरी छत्री होती. बोलत बोलत ते ती उघडी धरूनच चौकात शिरले, तेवढ्यात ओट्यावरून भागीरथी आजीचा आवाज आला.

"ओ नवं मास्तर, छत्री मिटा आदी. वर कमान हाय, काड्या मोडतील."